फौजेतून फायरकडे: फी भरण्याआधी दार ठरवा

इयरफोन घरी विसरलेल्यांसाठी हा एपिसोड लिहून देतेय. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे काढलेत.

विषय घरातूनच आला. माझा आत्तेभाऊ, आपण त्याला दादाच म्हणू, १५ वर्षं नौदलात होता. बारावीनंतर गेला, ३४ व्या वर्षी घरी आला. महिन्याभरात रात्री अकराला त्याने एक ब्रोशर पाठवलं. ‘फायर अँड सेफ्टी इंजिनिअरिंग डिग्री. घरबसल्या, दीड वर्षात. माजी सैनिकांना खास सवलत, १०० टक्के नोकरी.’ फी १ लाख ८० हजार. खाली मेसेज: “तू बीटेक आहेस ना, बघ जरा. उद्या भरायचेत.”

आता, दादाला आग काही नवीन नाही. भर समुद्रात जहाज पेटलं तर फायर ब्रिगेडला फोन लावता येत नाही, जहाजावरच्यांनीच ती विझवायची. म्हणून नौदलात सगळ्यांनाच ते शिकवतात. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर त्याची शाळाच आहे. हे काम जमेल का, असा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता कागदाचा.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चूक सगळे एकदा तरी करतात. रिक्वायरमेंट न वाचता कोड लिहायला बसतात. इथेही तेच चाललं होतं. मी फोन लावला आणि विचारलं, “दादा, तुला नक्की नोकरी कुठली हवीय?” तो म्हणाला, “फायरमधली.” पण फायरमध्ये दारं तीन आहेत, आणि प्रत्येक दाराची चावी वेगळी.

पहिलं दार: महापालिकेची किंवा नगरपालिकेची अग्निशमन सेवा. इथे फायरमनच्या भरतीत सहसा डिग्री मागतच नाहीत. दहावी पास, शारीरिक चाचणी आणि राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स मागतात. अधिकारी पदासाठी उपस्थानक अधिकाऱ्याचा वेगळा कोर्स असतो. म्हणजे पावणेदोन लाखांची ‘डिग्री’ घेऊन गेलात तरी या दारावर पहिला प्रश्न हाच: सहा महिन्यांचा कोर्स कुठाय?

दुसरं दार: फायर इंजिनिअरिंग. तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यातली लाल पाइपलाइन आठवा. किती जाडीचा पाइप, किती ताकदीचा पंप, स्प्रिंकलर किती अंतरावर, हे गणित इथलं. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ही यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत लायसन्स असलेल्या एजन्सीकडून द्यावं लागतं, त्यामुळे कामही भरपूर. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय केंद्रीय गृह मंत्रालयाचं आहे, १९५६ पासूनचं. तिथे फायर इंजिनिअरिंगची पदवी मिळते. पण ती पूर्णवेळ, वर्गात बसून करायची, आणि मॅथ्स-फिजिक्स पुन्हा उघडायची तयारी हवी.

तिसरं दार: कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर. इथे फायरचा डिप्लोमा पुरत नाही. आधी इंजिनिअरिंगची पदवी किंवा पदविका, नाहीतर फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी, सोबत कामाचा अनुभव, आणि त्यावर औद्योगिक सुरक्षेची सरकारमान्य पदविका.

आता फौजेतून आलेल्यांना नडणाऱ्या तीन गोष्टी.

एक, १५ वर्षांच्या सेवेवर मिळणारं पदवी-समकक्ष प्रमाणपत्र. केंद्राच्या गट क मधल्या काही नोकऱ्यांत, जिथे नुसती ‘कुठलीही पदवी’ मागतात, तिथे ते चालतं. जिथे तांत्रिक अनुभव अत्यावश्यक आहे तिथे नाही. ती बीएस्सी नव्हे.

दोन, राज्यात गट क आणि ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. वयातही सेवेची वर्षं अधिक ३ अशी सूट मिळते. पण शैक्षणिक अट माफ होत नाही. आणि नोकरीत वयाची सूट आहे म्हणून कोर्सच्या प्रवेशातही असेल, असं धरून चालू नका. त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

तीन, ‘घरबसल्या इंजिनिअरिंग’. दूरस्थ पद्धतीने इंजिनिअरिंगची पदवी देता येत नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांवर कडक निर्णय दिला आणि हजारो लोकांचे कागद अडकले. इंजिनिअरिंग असेल तर एआयसीटीईची मान्यता, इतर दूरस्थ पदवी असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची यादी. दोन्ही मोबाइलवर बघता येतं, पाच मिनिटं लागतात.

दादाला मी एकच काम दिलं. हव्या असलेल्या नोकरीच्या पाच जुन्या जाहिराती काढ आणि ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना वहीत उतरव. ब्रोशरमधली डिग्री एकाही जाहिरातीत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने संस्थेला फोन करून विद्यापीठाचं नाव विचारलं. “आधी टोकन भरा, मग सांगतो,” असं उत्तर आलं. दादा म्हणाला, “मग राहू दे.”

त्याने तिसरं दार निवडलं. सध्या एका कारखान्याच्या फायर क्रूमध्ये शिफ्ट करतो आणि इग्नूच्या बीएस्सीला नाव घातलंय. ही बीएस्सी पुढच्या पदविकेला चालेल का, हे त्याने आधी लेखी विचारून घेतलं. कमीत कमी तीन वर्षं जातील. वहिनी म्हणाली, “तीन तर तीन, पण पैसे बुडाले नाहीत ना.”

हे आत्ता का सांगतेय? पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपतायत. त्यातल्या बहुतेकांच्या हातात पंचविशीच्या आत साधारण ११.७१ लाखांचा सेवा निधी असेल, आणि तो आकडा अशा ब्रोशरवाल्यांनाही ठाऊक आहे. तुमच्या गावात, ग्रुपवर असं कोणी असेल तर हा एपिसोड त्याला पाठवा. आणि तोच प्रश्न विचारा: दार कुठलं?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!