वळताना गाडी कट्-कट् करते तेव्हा



एके काळी आपल्याकडे गाडी म्हणजे जीप, नाहीतर अॅम्बॅसिडर. या गाड्यांना ओढ मागच्या चाकांची, पुढची चाके नुसती वळायची. १९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर इंजिनची ओढ पुढच्या चाकांवर गेली. आज वस्तीवस्तीवर उभ्या असलेल्या छोट्या गाड्या बहुतेक याच पद्धतीच्या आहेत. पुढच्या चाकाने ओढायचेही आणि वळायचेही, असे हे दुहेरी काम. ते ज्या सांध्याच्या जिवावर चालते त्याविषयी लिहावे असे आम्हांस वाटले, कारण हंगाम उतरणीला लागला की वाहन विभागाकडे हमखास विचारणा येते, "साहेब, गाडी वळवली की पुढून कट्-कट् वाजतंय, काय असंल?"

या सांध्याला मिस्त्री मंडळी सी.व्ही. जॉइंट म्हणतात. एक पोलादी वाटी, आत बहुधा सहा गोळ्या, गोळ्यांना धरून ठेवणारा पिंजरा आणि गोळ्या सरकण्यासाठी कोरलेल्या खाचा. चाक वळलेले असो वा सरळ, ते एकसारख्या वेगाने फिरावे अशी ही युक्ती. फोर्ड कंपनीतील अभियंते आल्फ्रेड रझेप्पा यांनी ती १९२० च्या दशकात काढली. आत काळे ग्रीस भरलेले असते आणि वरून चुण्यांचे रबरी बूट चढवलेले. सगळी भिस्त या बुटावर! बूट फाटले की चाकाच्या गरगर फिरण्याने ग्रीस बाहेर उडते, माती-पाणी आत शिरते आणि खाचांना खड्डे पडतात. मग पूर्ण वळणावर गोळी खड्ड्यातून उडी मारते, तोच आपला कट्-कट् आवाज.

आता आपले रस्ते पाहा. तोड झालेल्या फडात गाडी घालायची आपल्याला सवय. उसाची तासलेली बुडखी सुरीसारखी असतात, पाचट आसाला गुंडाळते, चिखल बुटाच्या चुण्यांत वाळून दगड होतो. (पाचट सायलेन्सरला चिकटून पेट घेते ते वेगळेच.) शहरात वर्षानुवर्षे टिकणारे बूट आपल्याकडे लवकर हार मानते, यात नवल नाही.

पण वळताना येणारा प्रत्येक आवाज या जोडाचा नसतो, आणि इथेच पैसे वाया जातात. आवाज कधी येतो ते आधी नीट ऐकावे. मोकळ्या खळ्यावर, पोरेबाळे लांब ठेवून, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश गोल फिरावे. अॅक्सिलरेटर किंचित दाबताच चाकाच्या फेऱ्याबरोबर ठेक्यात कट्-कट् वाढली, तर जोड गेला असे समजावे. उजवीकडे वळताना वाजत असेल तर बहुधा डावीकडचा, डावीकडे वळताना तर उजवीकडचा. शंका राहिली तर काचा खाली करून भिंतीकडेने सावकाश जावे, आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि बाजू कळते. मग चाकाच्या आतल्या अंगाला पाहावे. रिमवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर दुसरा पुरावा नको.

गाडी जागेवर उभी असताना नुसते स्टिअरिंग फिरवून टक् आवाज आला, तर हा जोड सोडून द्यावा. तिथे शॉकॲब्सॉर्बरच्या वरचे बेअरिंग किंवा स्प्रिंग पाहावी लागते. खड्ड्यात चाक गेल्यावर खटका बसत असेल तर बॉल जॉइंट वा टाय रॉडचे टोक सैल झालेले असते. यात मात्र दिरंगाई नको. सी.व्ही. जॉइंट तुटला तर बहुधा गाडी जागेवर उभी राहते, पण बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवे होते आणि गाडी हाताबाहेर जाते. आणि सर्वांत आधी चाकाचे नट! पंक्चर काढून आल्यावर सुरू झालेला आवाज म्हणजे कितीदा नुसते ढिले नट असतात.

दुरुस्तीचे म्हणाल तर, बूट फाटले पण आवाज नाही, अशा वेळी जोड उघडून धुऊन नवे ग्रीस आणि नवे बूट घालावे. अल्प खर्चात काम होते. ग्रीस मॉलिब्डेनमयुक्त काळेच हवे, ट्रॅक्टरला मारतो ते इथे चालणार नाही. एकदा कट्-कट् सुरू झाली की मात्र ग्रीस भरून उपयोग नाही. "अण्णा, ग्रीस मारून देतो, आवाज जातोय बघा," असे कोणी म्हणाले तर आठवडाभर जाईल, मग पुन्हा येईल. खाचा झिजल्या त्या झिजल्या. जोड किंवा पूर्ण आस बदलावा लागतो.

काम घरी करणाऱ्या तरुण मंडळींना सांगणे असे की, मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नये, भक्कम स्टँड लावावेत. आस गिअरबॉक्समधून ओढला तर ऑइल सांडते, ते परत मापाने भरावे आणि सीलही पाहावे. तो मोठा नट नवाच घालावा आणि कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावा. अंदाजे पाइप लावून आवळलेल्या नटापायी बेअरिंग गेल्याच्या तक्रारी आहेत.

गॅरेजात काम दिलेत तर जुना जोड परत मागून घ्यावा. तो पुसून खाचेवरून नख फिरवावे. खड्डा नखाला लागला तर मिस्त्रीने खरे सांगितले. गुळगुळीत लागला, तर बिल चुकते करण्याआधी गाडी पुन्हा एकदा गोल फिरवून पाहावी.