धावपट्टीची नाडीपरीक्षा

रस्ता खराब झाला की तो आपण होऊन तक्रार करतो. खड्डा पडतो, चाक आपटते, वर्तमानपत्रांत नागरिकांची पत्रे येतात आणि उशिरा का होईना, डांबराची गाडी येते. विमानतळाच्या धावपट्टीच्या बाबतीत इतका उशीर परवडत नाही. तिच्यावरचा एखादा सुटा खडा इंजिनात ओढला गेला तरी अनर्थ होऊ शकतो. म्हणून तिचे दुखणे वर दिसण्याच्या आधीच ओळखावे लागते. ते कसे ओळखतात, हे आज आपण पाहू.

प्रथम तिच्यावरचा भार ध्यानात घेऊ. बोइंग 777-300 ईआर हे विमान उड्डाणाच्या वेळी सुमारे 351 टनांपर्यंत भरते. यातील बहुतेक भार मुख्य बारा चाकांवर असतो. म्हणजे एकेका चाकावर सुमारे 27 टन. आपल्या रस्त्यांवर मालमोटारीच्या चार टायरांच्या एकेरी आसाला कायद्याने 11.5 टनांची मुभा आहे; टायरमागे तीन टनही नाहीत. शिवाय भार दुप्पट झाला म्हणजे झीजही दुप्पट, इतका हा हिशेब सरळ नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावाजवळ 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर मालमोटारी सतत फिरवण्यात आल्या. आसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते, असे त्यातून निष्पन्न झाले. धावपट्टीला हा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही. पण थोडीशी जड विमानेही केवढे आयुष्य खाऊन टाकतात, याची कल्पना त्यावरून येते.

विमान उतरताना बसणारा धक्का हाच धावपट्टीचा मोठा शत्रू, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः उतरणाऱ्या विमानातील बरेचसे इंधन संपलेले असते आणि वजनाचा काही भाग अजून पंखांनी पेललेला असतो. खरा जाच होतो तो इंधनाने भरलेले विमान उड्डाणासाठी संथपणे सरकत येते किंवा खोळंबून उभे राहते तेव्हा. म्हणून धावपट्टीची टोके आणि तिच्याकडे नेणारे मार्ग अधिक थकतात.

हा भार वरचा डांबरी किंवा काँक्रीटचा थर एकटा पेलत नाही. त्याच्या खाली खडी, त्याखाली मुरूम आणि सर्वांत खाली मूळची जमीन असते. वरून आलेला भार पसरत पसरत, सौम्य होत तिच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. ही जमीन आपल्याकडील काळ्या मातीसारखी असेल, तर पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाणी खाली मुरले, की वरून धडधाकट दिसणारी पट्टी आतून कमकुवत होऊ लागते.

परीक्षेचा आरंभ डोळ्यांनी होतो. अभियंते पट्टीचे भाग पाडून प्रत्येक भेग, खचलेली जागा आणि तुटलेली कड मोजतात आणि 0 ते 100 पर्यंत गुण देतात. परंतु हे गुण कातडीचे, हाडांचे नव्हेत. कमकुवत पायावर नवा डांबरी थर अंथरला, की गुण एका रात्रीत वाढतात. पाया मात्र होता तसाच राहतो.

हाडे तपासण्याची रीत आपल्या गृहिणींना परिचित आहे. बाजारात मडके घेताना त्या टिचकी मारून पाहतात. धावपट्टीलाही अशीच टिचकी मारतात, फक्त ती टनांची असते. एका गाडीवरून जड वजन रबरी गाद्या बसवलेल्या गोल तबकडीवर सोडतात. सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागापुरता तो भार पडतो आणि धावत्या चाकाखाली दबावी तशी पट्टी किंचित दबते. तबकडीपासून वाढत्या अंतरावर ठेवलेली उपकरणे हे दबणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत टिपतात. ती मापे जोडली, की उथळ बशीसारखा आकार मिळतो. दूरची उपकरणेही बरीच हलली, तर दोष खालच्या जमिनीत समजावा; मध्यभागीच खोल खळगा पडला, तर वरच्या थरांत. काँक्रीटच्या लाद्यांत सांध्याच्या एका बाजूला भार टाकून दुसरी बाजू किती साथ देते, तेही पाहतात.

या मापांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. दुपारच्या उन्हात डांबर मऊ पडते, पावसाळ्यानंतर जमीन हळवी असते. दोन्हींचा हिशेब धरावा लागतो. शेवटी काही ठिकाणी गोल तुकडे कापून थरांची खरी जाडी मोजतात.

या साऱ्याचे सार एका आकड्यात जगाला कळवले जाते. नोव्हेंबर 2024 पासून त्याची नवी आंतरराष्ट्रीय पद्धत अमलात आली आहे. प्रत्येक धावपट्टीला एक अंक, प्रत्येक विमानाला एक अंक. विमानाचा अंक पट्टीच्या अंकाहून मोठा नसला, तर त्याला वजनाची आडकाठी नाही. अंकासोबतच्या अक्षरांत शेवटचे अक्षर बोलके असते: हा अंक शास्त्रीय परीक्षणाने काढला आहे, की आजवर उतरलेल्या विमानांच्या अनुभवावरून, हे ते सांगते. क्वचित प्रसंगी थोडे जड विमान चालवून घेता येते; पण पट्टी दुखण्याची लक्षणे दाखवीत असेल किंवा पाण्याने कमकुवत झाली असेल, तर ही सवलत नाही.

यात नागरिकांचा संबंध काय, असे कोणी विचारील. 2021 साली 16 ते 29 ऑक्टोबरपर्यंत धावपट्टीच्या कामासाठी पुण्याचे लोहगाव विमानतळ प्रवासी वाहतुकीला बंद राहिले. अशी तारीख आधी ठरवून, सूचना देऊन विमानतळ बंद ठेवता येते, ते परीक्षण वेळेवर झाले तरच. नाही तर तारीख धावपट्टीच ठरवते, आणि ती कोणाला विचारीत नाही. नवा काळाभोर थर पाहून आपल्याला समाधान वाटते, ते साहजिकच आहे. पण सार्वजनिक पैशाचा हिशेब मागताना वरचा थर किती चकाकतो याऐवजी खालचे थर कधी आणि कसे तपासले, हा प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. हा प्रश्न धावपट्टीला लागू आहे. आपल्या गावच्या रस्त्यालाही तितकाच लागू आहे.