सुई, कातर आणि चोपडी

अमरकोशात शिंप्यास दोन नावे आहेत : तुन्नवाय आणि सौचिक. सुईवर ज्याचा निर्वाह चालतो तो सौचिक, हा अर्थ उघड आहे. तुन्न म्हणजे फाटलेले. ते पुन्हा विणून एकजीव करणारा तो तुन्नवाय. कोशकाराने या दोन्ही नावांची गणना शूद्रवर्गात केली, आणि आमच्या पांढरपेशा घरांनी त्या वर्गवारीची सावली अद्याप पुरती सोडलेली नाही. घरातील मुलगी उत्तम शिवते असे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. तीच मुलगी शिवणाचे पैसे घेते असे सांगताना मात्र आमचा स्वर खाली येतो. पहिल्या वाक्यात शिवण ही कला असते, दुसऱ्यात तो धंदा होतो. नामदेवासारख्या शिंप्याचे अभंग ज्या देवघरांत नित्य म्हटले जातात, तेथेही हा भेद टिकून राहावा, हे नवल होय. या भेदापायी किती कुशल हातांचे श्रम फुकट जातात, याचा विचार जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांपुरता करावा असे आम्ही योजिले आहे.

खान्देश हा कापसाचा मुलूख. तापी, गिरणा व पांझरा यांच्या काठची काळी जमीन कापूस देते, आणि या कापसावर जळगावास एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात गिरणी उभी राहिली. पुढे अमळनेर व धुळे येथेही प्रतापशेटींच्या गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. परंतु काळ पालटला. जळगावची ती जुनी खान्देश मिल बंद पडली, आणि तिच्या आवारात आज बाजारसंकुल उभे आहे. जेथे सूत निघून कापड होत असे, तेथे आता परगावी शिवलेले तयार कपडे विकले जातात. सुरतेचा माल रेल्वेने थेट येतो. जळगावच्या फुले मार्केटात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर दुकानांच्या रांगा त्याने भरलेल्या असतात. एका ठोकळ मापाचे शेकडो कपडे एकाच वेळी बेतून यंत्रावर शिवणाऱ्या कारखान्याशी घरी बसून शिवणाऱ्या बाईने स्वस्ताईत स्पर्धा करू जाणे म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर धरणे होय.

मग हाताच्या शिवणास जागा उरली तरी कोठे? आमच्या मते पुष्कळ उरली आहे, आणि ती कारखान्याला सहसा भरून काढता न येणारी आहे.

पहिली जागा मापाची. तयार कपडा हा एका कल्पित देहासाठी शिवलेला असतो. ज्या आजींचा एक खांदा उतरला आहे, ज्यांचा हात पाठीमागे वळत नाही, ज्या मुलाची उंची वाढली पण छाती भरली नाही, त्यांचे माप कोणत्याही ठोकळ आकड्यात बसत नाही. वृद्धेसाठी पुढून उघडणारे, मोठ्या गुंड्यांचे, मुंढ्यात सैल असे पोलके शिवून देणारी बाई गावात एक असली, तर तिच्याकडे आळीतील सगळ्या आजी येतात.

दुसरी जागा हवेची. वैशाखात आमच्याकडे पारा 43-44 अंशांवर जातो, कधी त्याच्याही वर. कापूस हा आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओल साध्या हवेतही स्वतःत धरतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही धरीत नाही. घाम टिपणे आणि अंग निवणे हे या आकड्यांवर अवलंबून आहे. म्हणून मलमलीची झबली, सुती परकर, सैल बाह्यांचे कुडते यांची गरज या प्रांती कधी संपावयाची नाही. तो माल नीट बेतलेला, आतून शिवणी न बोचणारा असा मिळाला पाहिजे, एवढेच.

तिसरी जागा प्रसंगाची. आखाजीला लेकी माहेरी येतात, जूनमध्ये शाळा उघडतात, श्रावणात कानबाई बसते, त्यामागून दिवाळी आणि लग्नसराई. आईच्या जुन्या लुगड्याचा काठ लावून लेकीस शिवलेला कुडता कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. अशा कपड्याला भावाचे मोल असते. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. त्यांच्या ‘श्यामची आई’मधील श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून घेतो आणि तो घेऊन घरी जातो. तो प्रसंग वाचताना आपले डोळे का भरून येतात, याचे उत्तर त्या कोटाच्या किमतीत सापडावयाचे नाही.

आता कामाच्या रीतीविषयी दोन शब्द. शिवणाचा जीव बेतण्यात आहे. सुती कापड प्रथम पाण्यात भिजवून, वाळवून, मग कातरीखाली घ्यावे. न भिजविलेले कापड पहिल्या धुण्यात आकसते आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. कापडाचा उभा धागा ओळखून त्या दिशेने कपड्याची लांबी धरावी; धागा तिरका गेल्यास कपडा अंगावर पिळतो. नवा घाट काढावयाचा तर तो आधी स्वस्त मांजरपाटावर बेतून, टाचून, अंगावर घालून पाहावा आणि मगच मोलाच्या कापडास कातर लावावी. प्रत्येक गिऱ्हाइकाची छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही व उंची ही मापे तारखेसह वहीत लिहून ठेवावी. घाट स्वतः काढावा. चित्रात पाहिलेला जसाच्या तसा उतरू नये. एका बाईच्या कुडत्याचा गळा आणि चुण्यांची मांडणी पाहून लोक तिचे नाव घेऊ लागले म्हणजे तिचा धंदा उभा राहिला असे समजावे.

यंत्राविषयी आमच्या जुन्या मंडळींत एक किंतु असे. फ्रान्समध्ये थिमोनिये नावाच्या शिंप्याने 1830 साली शिवणयंत्राचा हक्क नोंदविला. आपली पोटे जातील या भीतीने तेथील शिंप्यांनी पुढच्याच वर्षी त्याचा कारखाना फोडला. पुढे अमेरिकेत सिंगरने 1851 साली आपल्या यंत्राचा हक्क मिळविला, आणि 1856 पासून त्याच्या कंपनीने हप्त्याहप्त्याने पैसे घेण्याची पद्धत घातली. त्यामुळे हे यंत्र कारखान्याच्या बाहेर पडून सामान्य घराच्या ओसरीवर आले. यंत्रांविषयी इतके साशंक असणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली शिवणयंत्राचा अपवाद केला होता. हे यंत्र चालविणारीला तिच्या घराबाहेर ओढीत नाही, तिच्या हाताचे कौशल्य हिरावून घेत नाही. यास्तव तो अपवाद आम्हांस सयुक्तिक वाटतो.

परंतु कौशल्य आहे, यंत्र आहे, गिऱ्हाईकही आहे, तरी असे उद्योग दोन-तीन वर्षांत का मिटतात? आम्ही जी घरे जवळून पाहिली, त्यांत बहुतेक ठिकाणी कारण एकच आढळले : हिशेब नव्हता. शेजारीण कापड आणून देते आणि म्हणते, “अहो वहिनी, तुम्ही तर घरच्याच! बसल्या बसल्या होऊन जाईल.” या ‘बसल्या बसल्या’ शब्दांत त्या बाईचे सहा तास बुडतात.

एक उदाहरण कल्पून पाहू. गळ्याला भरतकाम केलेला एक सुती कुडता. कापड अडीच मीटर, मीटरला 160 रुपये धरता 400 रुपये. दोरा, गुंड्या, अस्तर यांचे 60. वीज, सुया, यंत्राची झीज यांचे 20. बाजारातील फेरी व वाया गेलेले तुकडे यांचे 50. ही बेरीज 530 झाली. आता बाईचे श्रम : बेतणे, शिवणे, भरतकाम, काजे, हातशिलाई मिळून 6 तास. तासाला 70 रुपये हा काही चढा दर नव्हे. त्याने 420 होतात. एकूण 950. उद्योग वाढावा म्हणून त्यावर दहावा हिस्सा, म्हणजे 95 रुपये, घातल्यास किंमत 1045 रुपये येते. ओळखीपाळखीत मात्र “650 घ्या” असे म्हणतात आणि बाई घेते. 650 मधून 530 वजा जाता तिच्या हाती 120 उरतात. म्हणजे तासाला 20 रुपये. कपडा विकला गेला, चार माणसांनी वाखाणला, आणि शिवणारी मात्र हरली. आपण हरलो हेही तिला कळत नाही, कारण चोपडीच नाही.

हाच प्रश्न एके काळी खादीपुढे उभा राहिला होता. कातणाऱ्या बाया दिवसभर कातून फार थोडे मिळवीत. गांधीजींनी 1935 साली आग्रह धरला की आठ तासांच्या चांगल्या कामास आठ आणे मिळावेत, आणि त्याच वर्षी चरखा संघाने निर्वाहापुरत्या वेतनाचे तत्त्व मान्य केले. त्यामुळे खादी महागली, कुरकुर झाली. तरीही तत्त्व सोडले नाही. पुढल्याच वर्षी, डिसेंबर 1936 मध्ये, आमच्या खान्देशात फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्यासोबत खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही मांडले होते. स्वस्त माल हवा असेल तर तो कोणाच्या उपाशी पोटावर स्वस्त झाला हे आधी विचारावे, हा त्या साऱ्या चळवळीचा धडा होता. तो आपल्या आळीतील शिवणाऱ्या वहिनींनाही लागू आहे.

मिळालेला पैसा कोणाचा, हा याहून नाजूक प्रश्न. जुन्या निबंधग्रंथांत कात्यायनाचे म्हणून एक वचन सांगितले जाते. त्याचा आशय असा की स्त्रीने शिल्पाने, म्हणजे हातच्या कसबाने, जे धन मिळविले त्यावर पतीचे स्वामित्व. ते स्त्रीधनात मोडत नाही. माहेरची भेट तिची, आणि स्वतःच्या हातची कमाई मात्र तिची नव्हे! संस्कृत ग्रंथांवर आमची भक्ती असली तरी या वचनापुढे आम्ही मान तुकवू शकत नाही. सुदैवाने कायद्याने हा प्रश्न निकालात काढला आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 14 व्या कलमाने हिंदू स्त्रीच्या मालमत्तेवर तिचे पूर्ण स्वामित्व मानले, आणि स्वतःच्या कसबाने अथवा श्रमाने मिळविलेल्या मालमत्तेचा त्यात स्पष्ट उल्लेख केला. कायदा होऊन इतकी वर्षे लोटली तरी अनेक घरांत कात्यायनच राज्य करितो. शिवणाचे पैसे डब्यात पडतात, डब्यातून भाजीला, दुधाला, मुलांच्या शिकवणीला जातात, आणि वर्षाअखेर त्या बाईने काय मिळविले हे कोणीच सांगू शकत नाही, तीही नाही. घरखर्चास हातभार लावू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तिने तो आपल्या हाताने, मोजून, आपला म्हणून लावावा. घराने तो तिचा म्हणून ओळखावा.

यास्तव आमची सूचना साधी आहे. सुई व कातर यांच्याबरोबर तिसरी वस्तू चोपडी. डाव्या पानावर कापड, दोरा, तास. उजव्या पानावर आलेली रक्कम. बँकेत स्वतःच्या नावाचे निराळे खाते. नवे काम घेताना निम्मी रक्कम आगाऊ. उधारी नाही, आणि आप्तांसही नाही. नात्यातील कोणास द्यावयाचे झाल्यास सरळ भेट म्हणून द्यावे व चोपडीत ‘भेट’ असे लिहावे. भिडेचा अर्धा दर लावू नये, कारण अर्ध्या दराने प्रेम वाढत नाही आणि पुढचा दर मात्र बिघडतो. यंत्रासाठी कर्ज काढावेच लागले तर आधी सरकारी वाटा पाहाव्यात. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत शिंपीकामही आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य, प्रशिक्षणकाळी दिवसाला 500 रुपये, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख व पुढे 2 लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप ठरविण्यात आले. अटी नीट वाचून अर्ज करावा.

पुण्यात 1909 साली सेवासदन निघाले तेव्हा रमाबाई रानडे यांनी तेथील स्त्रियांसाठी शिवणाचे वर्ग चालविले. निराधार बाईस स्वतःच्या पायांवर उभे करावयाचे हा त्यामागील हेतू होता. आज आमच्या घरांतील मुली शिकलेल्या आहेत, निराधारही नाहीत. तरी ज्यांना नोकरीसाठी गाव सोडता येत नाही, ज्यांच्या हाती घाट काढण्याची दृष्टी आहे, त्यांच्यासाठी ही वाट आजही मानाची आहे. वडीलधाऱ्या मंडळींस आमची विनंती एवढीच, की येत्या आखाजीला सुनेने शिवलेला कुडता पाहून ‘छान झाला’ म्हणाल, तेव्हा पाठोपाठ ‘तास किती लागले?’ हेही विचारावे. आणि तिने सांगितलेला आकडा चोपडीत उतरेपर्यंत तेथून उठू नये.