कोरड्या हवेतली सुहेली

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मृण्मूर्ती आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, मणी आहेत आणि ती प्रसिद्ध हस्तिदंती पुतळी आहे. तिच्याशी नातं सांगणारी दुसरी पुतळी इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं मोठं नगर असल्याचा उल्लेख आहे. तिथून जाडंभरडं कापड आणि मलमलीचे नाना प्रकार बैलगाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात जात आणि पुढे जहाजांत चढत. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये मांडलं. दुष्काळाच्या यादीत ज्याचं नाव वरचेवर येतं त्या धाराशिव जिल्ह्याचा शिडाच्या जहाजांशी असा दोन हजार वर्षांचा संबंध आहे.

संग्रहालयातली कोरडी हवा तेरच्या भाजलेल्या मातीला मानवते. लाकडी होडीला मात्र तीच हवा मारते. हे ज्या बोटीमुळे मला नीट उमगलं, ती मुंबईत बांधलेली ‘सुहेली’.

सुहेली ३२ फुटांची, दोन डोलकाठ्यांची बोट. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती मुंबईत बांधून घेतली. आराखडा जुन्या पद्धतीचा, विल्यम ॲटकिन यांचा, आणि त्याचं मूळ नॉर्वेच्या वादळी किनाऱ्यावरच्या बचावनौकांमध्ये. बांधणी पूर्ण सागवानाची. मुंबईच्या सुतारांनी ती तासणीने आणि दोरीने फिरवायच्या सामत्याने घडवली. १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला जे नाव देतात, तेच तिला मिळालं.

मुंबईचा सागवान आणि मुंबईचे कारागीर यांना हे काम नवं नव्हतं. जमशेदजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. तिची डागडुजी झाली आणि इंग्लंडातल्या हार्टलपूलला ती आजही पाण्यावर तरंगते आहे.

१४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन फालमथहून एकटे निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतले. कुठल्याही बंदराला न लागता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. या सफरीच्या गोष्टीत वादळंच अधिक सांगितली जातात. मला मात्र त्यातली डागडुजी मोठी वाटते. केप व्हर्डे बेटांच्या दक्षिणेला बोटीत पाणी येऊ लागलं. त्यांनी बुडी मारून पाहिलं तर तळाच्या कण्याजवळ, पाण्याखाली सुमारे पाच फुटांवर, फळ्यांमधली फट उघडली होती. त्यांनी कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, डांबर लावलं आणि श्वास रोखून एकेक तांब्याची चूक ठोकत ती पट्टी फटीवर बसवली. गोरं अंग शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून गडद शर्ट आणि जीन्स घातली होती. पट्टी निघू नये म्हणून वर तांब्याचा पत्रा मारला. हा पत्रा रेडिओ बसवणाऱ्यांच्या सामानातून बोटीवर राहिला होता. पुढे तो रेडिओच बंद पडला. टाकीतलं पाणी खराब झालं, तेव्हा पावसाचं पाणी धरून भागवावं लागलं. आपोआप सुकाणू धरणारं यंत्र ऑस्ट्रेलियाजवळ मोडलं. कापसाची ती पट्टी मात्र टिकली.

अशा बोटीला म्हातारपणी मान मिळावा म्हणून १९९७ मध्ये ती ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली गेली. हेतू चांगलाच होता. पण वस्तू टिकाव्यात म्हणून तिथली हवा कोरडी राखलेली, आणि त्या हवेत सुहेलीच्या फळ्या आकसू लागल्या. पाण्यातलं लाकूड फुगलेलं असतं आणि फळ्या एकमेकींवर दाबून बसतात. फटीतल्या कापसाइतकाच बोटीला हा दाबही तारतो. तो गेला की फटी उघडतात, खिळे सैल होतात, बोटीचा बांधा ढिला पडतो. समुद्राने जिला मोडलं नाही ती बोट छपराखाली विस्कटत चालली होती. नॉक्स-जॉन्स्टन यांनी २००२ मध्ये तिला बाहेर काढलं आणि पुढे स्वतः हातात हत्यारं घेऊन अनेक वर्षं तिच्यावर काम केलं. कोरडेपणाने लाकूड आकसतं ही गोष्ट आपल्या कोळीवाड्यांत कुणालाही सांगावी लागत नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या ओढून शाकारतात त्या केवळ पाऊस लागू नये म्हणून नव्हे. मधल्या उघडिपीतलं ऊन लाकूड तडकवतं. नारळी पौर्णिमेआधी फटी तपासणं, तेलपाणी करणं हा दर वर्षीचा शिरस्ता असतो.

टाकून दिलेली लाकडी बोट विकत घेणाऱ्याला रंग फसवतो. जाणकार माणूस आधी लाकडी हातोडीने फळी न फळी ठोकतो. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. शंका येईल तिथे टोच्या दाबून बघायचा. पाऊस साचतो त्या कोपऱ्यांत, डोलकाठीच्या बुडाशी आणि डेकच्या कडेला कूज आधी धरते. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा घातक, कारण कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यावर पोसते. मग खिळे बघायचे. लोखंड गंजलं की भोवतालचं लाकूडही काळं पडून भुसभुशीत होतं, म्हणून नुसता खिळा बदलून भागत नाही. सुहेलीच्या कामातही जुने लोखंडी जोड काढून काशाचे बसवणं हा मोठा भाग होता. तळाच्या कण्याचे बोल्ट बाहेर काढून पाहावेतच. वरून धडधाकट दिसणारा बोल्ट मधोमध झिजून काडीएवढा उरलेला असू शकतो.

फटी भरण्यात खरी कसोटी लागते. कोरडी बोट पाहून उत्साहाने कापूस ठासून भरला, तर पाण्यात उतरल्यावर फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही आणि त्या खिळे उपटतात, प्रसंगी आतल्या फासळ्याही मोडतात. म्हणून कापसाची वात बेताने बसवायची, वर लांबी भरायची, बोट पाण्यात सोडायची आणि पंप चालू ठेवून थांबायचं. सुरुवातीला ती गळणारच. लाकूड फुगत जातं तशी गळती आपसूक कमी होते. इथे घाई करणारा बोट मारतो.

फायबरग्लासचं तंत्र अगदी उलटं. बरीच वर्षं पाण्यात राहिलेल्या अशा बोटीच्या तळाला फोड येतात, कारण वरच्या थरातून पाणी आत झिरपलेलं असतं. फोड खरवडून तळ कित्येक आठवडे, कधी काही महिने वाळवावा लागतो, त्यानंतरच इपॉक्सी. इथे कोरडेपणाच औषध. धरणावर मुलं शिकतात त्या एंटरप्राइझसारख्या छोट्या प्लायवूडच्या बोटी या दोहोंच्या मध्ये येतात. निळ्या शिडांची, सव्वातेरा फुटांची ही बोट जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखली. तिची कूज प्लायच्या कडांतून आणि मधल्या सरकत्या फळीच्या पेटीतून सुरू होते. कुजलेला तुकडा कापला की नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी प्लायच्या जाडीच्या आठपट तरी हवी. आखूड सांधा पहिल्या जोरदार वाऱ्यात उघडतो.

सामान घेताना क्रम बहुतेकांचा चुकतो. आधी पंप, मग तळाला भोक पाडून बसवलेल्या सगळ्या तोट्या, मग डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा आणि त्या जिथे बोटीला जोडल्या जातात त्या पट्ट्या. शिडं त्यानंतर, आणि इलेक्ट्रॉनिक्स सर्वांत शेवटी. तारेवर बोटभर चिंधी फिरवावी. एखादाही तंतू तुटलेला असेल तर ती अडकते. अशी तार बदलायचीच.

जुन्या बोटीवर इतका खटाटोप का, असं कुणी विचारलं तर आपल्याकडची दोन उदाहरणं देता येतात. भारतीय लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरने ‘तृष्णा’ ही ३७ फुटी बोट इंग्लंडात जुनीच घेतली होती. २८ सप्टेंबर १९८५ रोजी निघून जगाला वळसा घालत ती १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईला आली. भारतीय चमूची ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा.

दुसरं उदाहरण सुहेलीच्याच वंशातलं. तिच्या आराखड्यावरून गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘तुरीया’ बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि असं करणारे ते पहिले भारतीय ठरले, ती बोटही याच कारखान्यातली. तुरीया घेऊन भारतीय खलाशी अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगाला वळसा घालायच्या शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं आणि बोट तिथेच सोडावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये, पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रस्थानाची आठवण म्हणून, दुरुस्त झालेली सुहेली फालमथच्या पाण्यात शिडं उभारून फिरली होती.

टॉमी २०२२ मध्ये याच शर्यतीत पुन्हा निघाले ते ‘बयानात’ नावाच्या ३६ फुटी रस्लर बोटीतून. जुनीच बोट, शर्यतीसाठी नव्याने सजवलेली. निघण्यापूर्वी तिची एका मालवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि पुढचा भाग दुरुस्त करावा लागला. वाटेत सुकाणू सांभाळणारं वाऱ्यावरचं यंत्र मोडलं, तेव्हा त्यांनी बोटीतल्या शौचालयाचं दार कापून त्याची पाती बनवली. एप्रिल २०२३ मध्ये ते दुसरे आले.

शर्यतीची नोंद ठेवणारे वेळ आणि अंतर लिहितात. मला वाटतं, अशा प्रत्येक बोटीबरोबर तिच्या डागडुजीची वहीही जपली जावी. कोणती फळी केव्हा बदलली, कोणत्या लाकडाची घातली, खिळा कोणत्या धातूचा, वात कुणी भरली, हे सगळं तिच्यात असावं. सुहेली घडवणाऱ्या मुंबईच्या सुतारांनी अशी वही ठेवली असती, तर ग्रीनिचमधून निघालेल्या बोटीवर काम करणाऱ्यांना निम्मी उत्तरं तिच्यातच मिळाली असती.