अंगठा गेला तरी चाळीस टक्के का भरत नाहीत? हाताचे दिव्यांगत्व असे मोजतात

प्रेस मशीनवर, कुट्टी यंत्रात किंवा बांधकामावर हात गमावलेली माणसे आपल्या वस्त्यांमध्ये कमी नाहीत. पण ‘हात निकामी झाला’ आणि ‘सरकारी कागदावर दिव्यांग ठरला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ये उभी असते ती टक्केवारी. ती कशी काढतात हे बहुतेक अर्जदारांना कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही ते येथे मांडत आहोत.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार आरक्षण आणि बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. सरकारी नोकरीत ४ टक्के व उच्च शिक्षणात ५ टक्के जागा याच अटीवर मिळतात. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी तर ८० टक्के लागतात. म्हणजे एका-दोन टक्क्यांवरही घरचे उत्पन्न ठरते.

मोजणीची पद्धत जानेवारी २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत दिली आहे. तीत हाताचे दोन भाग धरतात: खांद्यापासून मनगटापर्यंतचा बाहू आणि पंजा. बाहू तपासताना सांधे किती वळतात, स्नायूंत ताकद किती आणि रोजची दहा कामे जमतात का, हे पाहतात. ही कामे अगदी घरगुती आहेत: हाताने जेवणे, केस विंचरणे, सदरा घालणे, बटण लावणे, नाडी बांधणे, पेला धरून पाणी पिणे, लिहिणे. प्रत्येक कामाला ९ टक्के असतात.

पंजासाठी पकड ३०, संवेदना ३० आणि ताकद ३० टक्के असे वाटप आहे. वरून हात धडधाकट दिसतो, पण नस तुटल्यामुळे किंवा कुष्ठरोगामुळे बोटांना गरम-गार कळत नाही, अशांना संवेदनेचा भाग महत्त्वाचा असतो. तो तपासलाच नाही तर टक्केवारी खाली येते. नेहमीचा, म्हणजे कामाचा हात बाधित असेल तर ४ टक्के जादा धरता येतात. वेदना, व्यंग, आखडलेले सांधे यांनाही भार आहे. हे सर्व मिळून जादा भार १० टक्क्यांपर्यंतच.

बाहू आणि पंजा यांचे आकडे सरळ बेरजेत धरत नाहीत. समजा पंजाचे ४५ आणि बाहूचे ३० आले, तर एकूण ७५ होत नाहीत, सूत्रानुसार ६० होतात. अनेकांना येथेच आपले टक्के कापल्यासारखे वाटते.

अवयव तुटला असेल तर तक्ता ठरलेला आहे. मनगटापासून हात गेला तर ६० टक्के, कोपरापासून ७५. अंगठा मुळापासून गेला तर ३०, तर्जनी मुळापासून गेली तर १५, करंगळी फक्त २. शिवणकाम किंवा गवंडीकाम करणाऱ्याचा अंगठा जाणे म्हणजे रोजगार जाणे, पण केवळ तेवढ्यावर ४० भरत नाहीत. हा तक्ता शरीराचे नुकसान मोजतो, धंद्याचे नाही, आणि गरिबाच्या बाबतीत दोन्ही एकच असते, असे आमचे मत आहे.

मग काय करावे? अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करावा. तपासणीला जाताना शस्त्रक्रियेची कागदपत्रे, एक्स-रे आणि नसांच्या तपासणीचा अहवाल सोबत न्यावा. कामाचा हात कोणता, कुठे बधिर वाटते, रोजची कोणती कामे अडतात, हे न विचारताही डॉक्टरांना सांगावे. मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना आल्या आहेत, त्यामुळे कोणत्या तक्त्याने मोजले हे जरूर विचारावे. निर्णय पटला नाही तर कायद्याच्या कलम ५९ नुसार ९० दिवसांत अपील करता येते. कारखान्यात अपघात झाला असेल तर कामगार भरपाईची टक्केवारी वेगळ्या कायद्याने ठरते. तो हक्क दिव्यांग प्रमाणपत्रावर अवलंबून नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने वैद्यकीय प्रवेशासाठीची ‘दोन्ही हात शाबूत हवेत’ ही अट संविधानाशी विसंगत ठरवली. माणूस काय करू शकतो ते पाहा, असा त्या निकालाचा रोख आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या टेबलापर्यंत हा विचार पोहोचायचा असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी अर्जदारासोबत एक दिवस रुग्णालयात जायला हवे. आकडा कसा निघाला हे विचारणारा कुणी सोबत असेल, तर मोजणीही नीट होते.