‘कुठं लागलं तर नाही ना?’ एवढं विचारून भागत नाही

दिवाळी सरली की बारामती-इंदापूर पट्ट्यात कारखाने सुरू होतात आणि रस्त्यांचं रूपच पालटतं. माळेगाव, भवानीनगर, बिजवडी... जिकडं पाहावं तिकडं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या. अंधारात मागचा रिफ्लेक्टर दिसतोच असं नाही. त्यातून वाट काढत जाते आपली मोटारसायकल. टाकीवर धाकटा, मध्ये थोरली, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई. हेल्मेट असलंच तर फक्त गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर.

गाडी घसरली, पोरं पडली, की आपण आधी काय बघतो? रक्त! गुडघा फुटलाय, गाल खरचटलाय, म्हणून जीव कासावीस होतो. आणि जो उठून उभा राहिला, रडायचाही थांबला, त्याला आपण म्हणतो, “वाचला गं बाई, काही लागलं नाही.” मैत्रिणींनो, चूक होते ती इथंच.

जखमेला गुण देणारी बाई

अपघातात कोण किती गंभीर जखमी आहे, हे मोजायची एक पद्धत डॉक्टर जगभर वापरतात. अमेरिकेतल्या सुसान बेकर या संशोधक बाईंनी सहकाऱ्यांबरोबर ती १९७४ मध्ये मांडली. वाहन अपघातांतल्या दोन हजारांहून जास्त जखमींचा अभ्यास त्यामागं होता.

हिशोब सोपा आहे. शरीराचे सहा भाग धरायचे. प्रत्येक जखमेला १ ते ६ गुण द्यायचे. निरनिराळ्या भागांतल्या सर्वांत वाईट तीन जखमा घ्यायच्या, त्यांच्या गुणांचे वर्ग करायचे आणि बेरीज मांडायची. १५ च्या वर आकडा गेला की दुखापत गंभीर. समजा एका मुलाचा गाल खरचटला, त्याचा गुण १. हात मोडला, त्याचे २, म्हणजे वर्ग ४. आणि डोक्यात आतून रक्तस्राव झाला, त्याचे ४, म्हणजे वर्ग १६. बेरीज झाली २१. ज्या खरचटण्यावर आपण हळद दाबत बसलो, त्याचा वाटा एक! आणि जे दिसलंच नाही, त्याचा सोळा.

लेकरालाही पक्षाघात?

न दिसणारी अशीच आणखी एक इजा आहे. ती मानेतली. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मानेचे स्नायू नाजूक असतात. जोरात हिसका बसला तर मेंदूकडं रक्त नेणाऱ्या मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. तिथं रक्ताची गुठळी धरते. ती सुटून मेंदूत अडकली की पक्षाघात होतो. हे लगेच घडतं असं नाही. काही तासांनी, कधी काही दिवसांनी. तोवर अपघात आपण विसरलेलो असतो.

पक्षाघात म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा आजार, असंच आपल्या डोक्यात असतं. लहान मुलांत तो क्वचितच होतो हे खरं, पण होतो. अपघात हे एकच कारण नाही. हृदयाचा जन्मजात दोष, सिकलसेल, मेंदूज्वर, कांजिण्यांनंतर रक्तवाहिन्यांना आलेली सूज, हीही कारणं असतात. अंगात रक्त कमी असणं, म्हणजे लोहाची कमतरता, हाही एक धोका मानला जातो. म्हणून आशाताई देतात ते लोहाचं औषध ‘पोरगं पीत नाही’ म्हणून फळीवर ठेवून देऊ नका.

आपल्या देशातल्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. नुकतंच चालायला लागलेलं बाळ पलंगावरून किंवा पायरीवरून पडतं. मार किरकोळ असतो, पण नंतर एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो. अशा काही बाळांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत आधीपासून चुना साठलेला सापडला. पडलेल्या प्रत्येक बाळाला असं होत नाही, घाबरून जाऊ नका. पण हात हलवेना झाला तर ‘मुका मार असेल’ म्हणून वाट बघत बसू नका.

वारं गेलं नाही, वेळ जातोय

गावाकडं अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. मग कुणी नजर काढतं, कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगतं. मान आखडली म्हणून कुणी ती चोळून, मोडून घेतं. मान फाटक्या रक्तवाहिनीमुळं दुखत असेल तर हे जिवावर बेतू शकतं. पक्षाघातात मेंदूच्या पेशी मिनिटामिनिटाला मरत असतात. स्कॅनची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठणं, हाच पहिला उपाय.

खर्चाच्या भीतीनं थांबू नका. केंद्र सरकारनं मे २०२५ मध्ये लागू केलेल्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. रुग्णालयात पोचल्यावर तशी विचारणा करा. रस्त्यात दुसऱ्याचं लेकरू पडलेलं दिसलं तरी पोलिसांच्या भीतीनं पुढं जाऊ नका. २०१९ च्या कायद्यानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही.

मुळात पोरं पडूच नयेत म्हणून? चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे. त्याहून लहान मुलासाठी त्याच्या मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग, असा नियम २०२३ पासून लागू आहे. मुलांच्या वाढदिवसाला केक आणतोच, एका वर्षी हेल्मेट आणू या.

हे लक्षात ठेवा

* अपघातानंतर मूल बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा आणि पुढचे काही दिवस लक्ष ठेवा.
* तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, तोल जाणं, अचानक कमी दिसणं, झटके येणं : यातलं एकही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा.
* सारख्या उलट्या, न थांबणारी डोकेदुखी, मानदुखी किंवा जास्तीची गुंगी असेल तरी थांबू नका.
* तोंडानं पाणी, चहा, औषध काही देऊ नका. मान हलवू नका, चोळू नका.
* त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. ‘चार दिवसांपूर्वी गाडीवरून पडला होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घरातलं कुणी म्हणेल, “तू उगाच घाबरतेस, पोरं पडतातच की.” म्हणू देत. आपलं लेकरू रोज कोणत्या हातानं घास घेतं, कसं हसतं, हे आईइतकं कुणाला ठाऊक असतं? त्यात फरक दिसला की तो मनात ठेवू नका. तपासणीत काही निघालं नाही तर एक हेलपाटा पडेल, एवढंच.