तिकीट काढण्याच्या दोन वर्षं आधी

बालाघाटमधल्या एखाद्या जुन्या घरातली कागदांची पेटी उघडली, तर तीन पिढ्यांच्या पदव्या तीन विद्यापीठांच्या निघू शकतात. आजोबांच्या काळात राज्याची राजधानी नागपूर होती आणि त्यांची पदवीही नागपूरची. 1956 मध्ये राजधानी भोपाळला गेली, त्याच वर्षी जबलपूरला विद्यापीठ निघालं, आणि मुलगा तिथला पदवीधर झाला. 2019 नंतर जिल्ह्यातली महाविद्यालयं छिंदवाड्याच्या विद्यापीठाकडे आली, म्हणून नातीच्या गुणपत्रिकेवर छिंदवाडा.

कुटुंबासह परदेशी स्थायिक व्हायचं ठरलं की हा इतिहास एकदम कामाचा होतो. कॅनडासाठी पदवीचं मूल्यांकन करताना बहुतेक वेळा विद्यापीठाने स्वतः पाठवलेली ट्रान्सक्रिप्ट मागतात. महाविद्यालय आज छिंदवाड्याला जोडलेलं असलं, तरी 2010 सालच्या पदवीसाठी जबलपूरच गाठावं लागतं.

त्याहून चिवट घोळ नावांचा असतो. गुणपत्रिकेवर ‘कुमारी’, आधारवर नवऱ्याचं आडनाव, राशनकार्डावर नुसतं ‘बाई’ आणि आडनाव गायब, असे एकाच स्त्रीचे तीन कागद या भागात नवलाचे नाहीत. बिसेन, टेंभरे, राहांगडाले ही आडनावं इंग्रजीत लिहिताना सख्ख्या भावांच्या स्पेलिंगमध्येही फरक पडतो. वारासिवनी या गावाचं स्पेलिंगसुद्धा सगळीकडे एकसारखं सापडत नाही. गावात या फरकांमुळे कुणाचं काही अडत नाही, पण व्हिसाच्या अर्जात प्रत्येक फरकाचा खुलासा द्यावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर 2022 पासून पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश बंद केला. म्हणून दुरुस्तीची सुरुवात जन्मदाखला आणि दहावीच्या गुणपत्रिकेपासून करावी, मग आधार आणि पॅन, आणि शेवटी पासपोर्ट. जन्माची नोंदच झालेली नसेल तर वेळ आणखी लागतो, कारण वर्ष उलटून गेल्यावर नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो.

हे सगळं आधी का, ते कॅनडात कायम निवासासाठी गुणांवर उमेदवार निवडणाऱ्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीवरून नीट कळतं. समजा, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतला एखादा अभियंता, त्याची शिक्षिका पत्नी आणि दोन मुलं अर्ज करताहेत. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, पदवीचं मूल्यांकन पाच वर्षं, वैद्यकीय तपासणी एक वर्ष. राहत्या देशातल्या पोलिसांचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. वयाचे गुण तिशीपासून घटायला लागतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्यावर येतात. आमंत्रण आलं की संपूर्ण अर्ज भरायला मिळतात फक्त 60 दिवस! त्या 60 दिवसांत जबलपूरच्या खिडकीसमोर रांग लावणाऱ्याची संधी हातची जाते. पैशांचंही तसंच. बँकेच्या पत्रात मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लिहावी लागते आणि उसनी रक्कम चालत नाही, त्यामुळे ऐनवेळी मेहुण्याकडून पैसे घेऊन खातं भरण्यात अर्थ नाही.

आखातात मजुरीला जाणाऱ्यांची वाट निराळी. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सहसा एमिग्रेशन क्लिअरन्सची अट असते आणि ठरावीक 18 देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी घ्यावी लागते. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. आगाऊ पैसे देण्याआधी एवढं तरी पाहावंच.

नियोजनात सगळ्यात जास्त हेळसांड होते ती शेतीची. बालाघाट हा चिन्नोर तांदळाचा जिल्हा. 2021 मध्ये या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं. अनिवासी भारतीय झाल्यावर हातातली शेतजमीन ठेवता येते, वारसाहक्काने मिळवता येते, पण नवी विकत घेता येत नाही. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. तेव्हा वडिलांच्या पश्चात राहिलेलं नामांतरण, भावाभावांतली वाटणी, खसरा आणि बी-1 या जमीननोंदींवरची नावं हे सगळं निघण्यापूर्वी तहसीलमध्ये उरकायला हवं. मुखत्यारपत्रही इथेच नोंदवलेलं बरं. परदेशात केलं तर आधी भारतीय दूतावास, मग ते भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, अशी धावाधाव मागे लागते.

कागद पूर्ण असले तरी मन आणि हात तयार हवेत. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू 1948 नंतर मोठ्या आशेने इस्रायलला गेले. तिथे काम, घर आणि वागणूक यांबाबत काहींचा इतका भ्रमनिरास झाला की 1951-52 मध्ये त्यांनी परत पाठवण्याची मागणी करत ठिय्या दिला आणि ते भारतात परतलेही. पुढे त्यांच्यातले बरेच पुन्हा इस्रायलला गेले. शक्य असेल तर घरातल्या एकाने आधी जाऊन काम आणि शाळा पाहून यावं, हा खर्च वाया जात नाही.

आणि म्हातारे आई-वडील? मुलं स्थायिक झाली की त्यांनाही नेऊ, असं बहुतेक घरांत ठरतं. कॅनडात पालकांच्या कायम निवासाचे अर्ज सोडतीने निवडले गेले आहेत, ऑस्ट्रेलियात त्यासाठी अनेक वर्षं थांबावं लागतं. कॅनडाच्या पालकांसाठीच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, मात्र आरोग्य विमा आणि मुलाचं किंवा मुलीचं ठरावीक उत्पन्न दाखवावं लागतं. ज्या दिवशी मुलांच्या पासपोर्टचे अर्ज भराल, त्याच दिवशी आई-वडिलांचेही भरा. ते बालाघाटलाच राहणार असतील, तर औषधपाण्याला आणि बँकेच्या कामाला कोण धावणार, हे त्या माणसाशी समोर बसून ठरवा.